झोपेचे तिकीट

संध्याकाळी सातच्या सुमारास जबलपूरच्या बड्या फुहाऱ्यापाशी उभे राहून कोणत्याही गोष्टीचा शांतपणे विचार करणे हे साधे काम नव्हे. एका अंगाला १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसच्या स्मरणार्थ उभारलेले कमानिया गेट, दुसऱ्या अंगाला कापडांची, भांड्यांची आणि मिठाईची दुकाने, मधूनच वाट काढणाऱ्या ई-रिक्षा, आणि या सर्वांवर तरंगणारा खव्याच्या जिलेबीचा वास. अशा गर्दीत एका अरुंद दुकानाच्या फळीला टेकून दोन वर्षांपूर्वीच्या डिसेंबरात मी रायपूरच्या रात्रीच्या बसची दोन तिकिटे काढली. एक माझे आणि एक माझ्या आत्याचे.

दुकानदाराने आपल्या मोबाईलवर मला बसच्या आतले चित्र दाखविले. जांभळे दिवे, पांढरीशुभ्र चादर, गुबगुबीत उशी, मखमली पडदा. "गादी कशी आहे?" एवढाच प्रश्न मी विचारला. "साहेब, घरची गादी विसराल," असे उत्तर मिळाले. माझे समाधान झाले. घरी येऊन तिकिटे आत्याच्या हातात दिली, तेव्हा तिने ती न वाचताच पिशवीत ठेवली आणि म्हणाली, "तू पाहिलंच असशील."

त्या तीन शब्दांचा अर्थ मला नीट कळावयास एक रात्र जावी लागली.

आमच्यासारखी मराठी कुटुंबे जबलपुरात पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. त्यांचे निम्मे गोत नागपूरला आणि उरलेल्यातले बरेचसे रायपूरला. १९५६ पूर्वी ही तिन्ही शहरे एकाच राज्यात होती आणि त्या राज्याची राजधानी नागपूर होती. पुढे नागपूर द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात गेले. २००० साली रायपूर छत्तीसगडात गेले. आज एकाच आजीची नातवंडे तीन राज्यांत नांदतात, आणि लग्नामुंजीच्या वेळी त्यांना एकत्र आणण्याचे काम रात्रीच्या बसकडे येते. रायपूरला रेल्वेने जावयाचे तर कटनी-बिलासपूरकडून किंवा नैनपूर-गोंदियाकडून जावे लागते, आणि लग्नसराईत आरक्षण मिळेलच असे नाही. बसचा मार्ग मात्र थेट आहे. मंडल्याला नर्मदा ओलांडावी, कान्हाच्या अरण्याच्या कडेकडेने बिछिया, मोतीनाला ही गावे मागे टाकावीत, मैकल पर्वताच्या माथ्यावर चिल्पीला पोहोचावे, आणि तेथून घाट उतरून कवर्ध्याच्या सपाटीवर यावे. सुमारे साडेतीनशे किलोमीटरांचा हा रस्ता दिवसा पाहिला तर अतिशय सुंदर आहे. पण आम्ही तो बहुधा रात्रीच पार करतो, आणि तोही झोपून.

एक काळ असा होता की बस निवडण्याचा प्रश्नच नव्हता. सरकारी बस येई, आणि जी येई ती आपली. महाराष्ट्रात १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर जी एस.टी. धावू लागली, ती आजही धावते आहे. मध्य प्रदेशात मात्र राज्य परिवहन निगम बंद करण्याचा निर्णय २००५ मध्ये झाला, आणि लांबच्या पल्ल्याचा प्रवासी खासगी वाहतुकीच्या हवाली झाला. खासगी म्हणजे वाईट असे मी म्हणत नाही. त्यांतल्या कित्येक बसगाड्या उत्तम असतात. परंतु जेथे निवड आली तेथे निवडणाऱ्याची जबाबदारीही आली, आणि ती जबाबदारी मी त्या संध्याकाळी एका गादीच्या चित्रावर सोपवून मोकळा झालो होतो.

आता त्या रात्रीची हकीकत थोडक्यात सांगतो. आम्हांला मिळाली ती अगदी मागची, वरची, दोघांची जागा. आत्याचे वय शहात्तर. दोन लोखंडी पायऱ्यांवरून तिला वर चढविताना क्लीनरने खालून आधार दिला आणि मी वरून हात. वर पोहोचल्यावर ती हसली आणि म्हणाली, "माळ्यावर ठेवलेल्या डब्यासारखं वाटतंय." गादी खरोखरच मऊ होती. परंतु मंडल्याच्या पुढे रस्ता वळू लागला तशी ती गादी आम्हांला झेलू लागली. प्रत्येक खड्ड्याला आम्ही उडत होतो, प्रत्येक वळणाला कधी ती माझ्यावर, तर कधी मी फळीवर. पहाटे साडेतीनच्या सुमारास चिल्पीचा घाट उतरताना जळक्या वासाने मला जाग आली. बस थांबली. ब्रेक तापले आहेत, थंड होईपर्यंत सर्वांनी खाली उतरावे, असे क्लीनर सांगत आला.

मी घड्याळ पाहिले ते सहज. आत्याला उठविले, चष्मा शोधला, पडदा सरकविला, पायरी चाचपली. खालच्या वाटेत कोणाच्या तरी मालाची गाठोडी रचलेली होती, त्यांवरून तिला हाताला धरून पुढे आणले. तिचे पाऊल रस्त्यावर टेकले तेव्हा सहा मिनिटे झाली होती. आमच्या उशापासून हातभर अंतरावर मागची आपत्कालीन खिडकी होती. परत चढताना दिव्याच्या उजेडात मी ती नीट पाहिली. तिच्यासमोर पोती होती.

पुढे काही झाले नाही. अर्ध्या तासाने बस निघाली, सकाळी आम्ही रायपूरला पोहोचलो, लग्न थाटात पार पडले. परंतु त्या सहा मिनिटांचा हिशेब माझ्या मनातून गेला नाही, आणि त्यानंतर या विषयाची जी थोडीफार माहिती मी मिळविली ती आज सांगणार आहे.

पहिली गोष्ट ही की रात्रीच्या बसचे तिकीट हे जागेचे तिकीट नसून झोपेचे तिकीट असते. जागा विकत घेणारा माणूस जागा असतो. वाट चुकली, वेग वाढला, चालक पेंगू लागला, तर तो पाहू शकतो, बोलू शकतो. झोप विकत घेणारा माणूस आपले पाहणे आणि बोलणे काही तासांपुरते दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. म्हणून जे पाहावयाचे ते त्याने निजण्यापूर्वी, आणि शक्य तर तिकीट काढण्यापूर्वीच पाहिले पाहिजे. आणि पाहण्याचा क्रम आपण सामान्यतः पाळतो त्याच्या नेमका उलट असावयास हवा. आपण गादीपासून आरंभ करतो आणि चालकापर्यंत कधी पोहोचतच नाही. खरे म्हणजे चालकापासून आरंभ करून गादीपर्यंत यावे.

तेव्हा आधी चालक. माणसाच्या शरीराला चोवीस तासांची एक लय आहे, आणि त्या लयीत पहाटे दोन ते पाच हा काळ सर्वांत ओहोटीचा. त्या वेळी शरीराचे तापमान उतरते, लक्ष मंदावते, आणि डोळे उघडे असतानाही मेंदूला क्षणभर डुलकी लागू शकते. ताशी साठ किलोमीटर वेगाने जाणारी बस एका सेकंदात सुमारे सतरा मीटर पुढे जाते, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या क्षणभराचे मोल कळते. चीनमध्ये रात्रीच्या शयन-बसगाड्यांनी पहाटे दोन ते पाच या वेळात थांबून विश्रांती घ्यावी असा दंडक २०१२ मध्ये घातला गेला. आपल्याकडे १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने चालकाच्या कामाला दिवसाला आठ तासांची मर्यादा घातली, आणि सलग पाच तासांच्या कामानंतर अर्ध्या तासाची विश्रांती आवश्यक ठरविली. कागदावर हे उत्तम आहे. पण दुकानाच्या फळीला टेकून आपण विचारावे ते असे: गाडीवर चालक दोन आहेत की एक? एकच असेल तर तो आज सकाळी रायपूरहून आलेला तर नाही ना? गाडी मध्ये कोठे आणि किती वेळ थांबते? या प्रश्नांनी दुकानदार रागावला, तर ते उत्तरच समजावे.

येथे वेळापत्रकाचाही विचार आला. रात्री नऊला निघणारी आणि साडेअकराला निघणारी या दोन बसगाड्यांत आपण सोयीची म्हणून उशिराची निवडतो. जेवून निघावे आणि उजाडताना पोहोचावे. परंतु घाट कोणत्या वेळी येतो हे पाहावे. जी गाडी घाट मध्यरात्रीच्या आसपास ओलांडते ती, पहाटे साडेतीनला ओलांडणाऱ्या गाडीपेक्षा मला आता अधिक आरामाची वाटते, मग रायपूरच्या स्थानकावर उजाडेपर्यंत बसून चहा प्यावा लागला तरी चालेल. आणि जी गाडी इतरांपेक्षा दीड तास आधी पोहोचविण्याचे आश्वासन देते, तिचा तो दीड तास कोठून येतो हे स्वतःलाच विचारावे. डोंगरातला रस्ता कोणासाठीही आखूड होत नाही.

दुसरी गोष्ट उताराची. चढताना बस दमते ती इंजिनाने, उतरताना दमते ती ब्रेकने. समजा, सोळा टन वजनाची भरलेली बस तीनशे मीटर उंचीवरून खाली उतरली. त्या उतरण्यात जी ऊर्जा मोकळी होते ती एवढी असते की तिने सुमारे दीडशे लिटर पाणी उकळीला यावे. चालकाने सगळा उतार पायाखालच्या ब्रेकवर उतरविला तर ही सारी उष्णता चाकांतच जमा होते, ब्रेक तापतात आणि त्यांची पकड ढिली पडते. त्या रात्री आम्हांला आला तो वास याचाच. जाणता चालक म्हणून खालच्या गियरमध्ये उतरतो आणि इंजिनालाच गाडी आवरावयास लावतो. आधुनिक गाड्यांत याच कामासाठी एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर नावाची योजना असते; ती असली तर ब्रेक ऐन प्रसंगासाठी ताजे राहतात. घाटाच्या प्रवासाला निघताना गाडीत रिटार्डर आहे का, हा प्रश्न गादीच्या प्रश्नापेक्षा शतपटीने मोलाचा आहे. दुकानदाराला तो कळला नाही तरी चालकाला कळतो, आणि असा प्रश्न विचारणारा प्रवासी पाहून चांगल्या चालकाला आनंदच होतो असा माझा अनुभव आहे.

टायर तर कोणालाही पाहता येतात. स्थानकावर गाडी उभी असताना एक फेरी मारावी. टायरच्या खाचा बोटाला स्पष्ट लागतात की रबर गुळगुळीत झाले आहे, मागच्या जोडचाकांपैकी आतले चाक बाहेरच्याइतकेच चांगले आहे की नाही, हे पाहावयास दोन मिनिटे पुरतात. टपावर मालाचा डोंगर रचला असेल तर तोही दिसतो. उंचावर ठेवलेले वजन गाडीला वळणावर बाहेर ओढते, आणि तो झोल सर्वांत जास्त कोणाला लागतो, तर वरच्या मजल्यावर निजणाऱ्याला.

तिसरी गोष्ट दारांची, आणि तिच्याविषयी मी थोडा अधिक बोलणार आहे. मध्य प्रदेशातच, पन्ना जिल्ह्यात, ४ मे २०१५ रोजी घाटातल्या पुलावरून एक बस खाली कोसळली आणि तिने पेट घेतला. वीसहून अधिक माणसे आत जळून गेली. तपासात निघाले ते असे की आपत्कालीन दाराच्या जागी लोखंडी दांड्या लावून जादा आसन बसविलेले होते. २०२१ च्या अखेरीस न्यायालयाने चालकाला एकूण १९० वर्षांची शिक्षा सुनावली आणि मालकालाही दहा वर्षांची. १ जुलै २०२३ रोजी नागपूरहून पुण्याकडे निघालेली शयनयान बस बुलढाणा जिल्ह्यात समृद्धी महामार्गावर पहाटे दीडच्या सुमारास उलटून पेटली, आणि पंचवीस प्रवासी गेले. गाडी दाराच्या बाजूवर पडल्याने दारच जमिनीखाली गेले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने राजस्थानात जैसलमेरजवळ आणि आंध्रात कर्नूलजवळ तेच घडले. या सर्व घटनांत अपघाताचे कारण निराळे होते, पण मृत्यूचे कारण बव्हंशी एकच: आत असलेल्यांना वेळेत बाहेर पडता आले नाही.

चीनमध्ये २०११ च्या जुलैत अशाच एका शयन-बसला आग लागून एकेचाळीस माणसे दगावली, आणि पुढच्याच वर्षापासून त्या देशाने नव्या शयन-बसगाड्यांची नोंदणीच थांबविली. आपण तसे केलेले नाही. आपल्याकडील मानकांनी बारा मीटरपर्यंतच्या शयनयान बसला किमान चार आपत्कालीन मार्ग आणि त्याहून लांब बसला पाच, असे प्रमाण ठरविले आहे. पण मानक सांगते ते कारखान्यातल्या गाडीविषयी. गाठोडी येतात ती नंतर. छत्तीस प्रवासी एकाच दारातून, रांगेने, शिस्तीने आणि पूर्ण जागे असताना उतरले, आणि प्रत्येकाला तीनच सेकंद लागले, असे धरले तरी पावणेदोन मिनिटे होतात. अंधारात, धुरात आणि अर्धवट झोपेत किती होतील हे मी सांगावयास नको. माझ्या आत्याला एकटीला सहा लागली होती.

म्हणून गाडीत शिरल्यावर पहिले काम चादर पसरण्याचे नव्हे. आपल्या जागेपासून सर्वांत जवळची बाहेरची वाट कोणती, ती मोकळी आहे का, तिची मूठ फिरते की गंजली आहे, काच फोडण्याची हातोडी जागेवर आहे की नुसता तिचा खिळा उरला आहे, हे पाहावे. मधल्या वाटेत माल रचलेला असेल तर तो हलवावयास सांगावे. सांगताना संकोच वाटतो हे मला ठाऊक आहे. आपण एकटेच शहाणे ठरतो, बाकीचे प्रवासी कपाळाला आठ्या घालतात. परंतु या देशात बहुतेक वाटा अडतात त्या दुष्टपणाने नव्हे, संकोचानेच. आणि आपल्या जागेपासून दारापर्यंत किती बर्थ ओलांडावे लागतात ते मोजून ठेवावे. अंधारात डोळ्यांचे काम हाताच्या मोजणीने होते.

आता आपण जागेपाशी आलो. येथे पदार्थविज्ञान आपल्या मदतीला येते. मुले फळीच्या दोन टोकांवर बसून वरखाली होतात तो खेळ आठवावा. टोके उंच उडतात, मध्य जवळजवळ स्थिर राहतो. बसही दोन आसांवर तोललेली एक लांब फळीच आहे. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधल्या भागात धक्के सर्वांत कमी. मागच्या चाकांच्याही मागे जो भाग लोंबतो तेथे सर्वांत जास्त. त्याचप्रमाणे खाली झोल कमी आणि वर जास्त, कारण वळणावर गाडी झुकते तेव्हा तिचे छत पायापेक्षा कितीतरी अधिक सरकते. तेव्हा घाटाच्या प्रवासात खालचा, मधला बर्थ हा राजाचा बर्थ समजावा. एकट्याने जाणाऱ्याने एकाचाच बर्थ घ्यावा. दोघांच्या बर्थवर अनोळखी शेजाऱ्याशी प्रत्येक वळणाला नव्याने ओळख होते. सोबत वृद्ध असतील तर त्यांना खाली आणि दाराजवळ, हा नियम पैसे थोडे जास्त पडले तरी मोडू नये.

इंजिन मागे असलेल्या गाड्यांत पुढे शांतता असते आणि मागच्या टोकाला उष्मा व घरघर. पुढे असलेल्यांत याच्या उलट. हवेच्या फुग्यांवर तोललेली गाडी लोखंडी पाट्यांवरच्या गाडीपेक्षा खड्डे बऱ्याच मायेने पार करते. वाहतूकदार ही गोष्ट अभिमानाने सांगतात, म्हणून ती विचारणे सोपे. निजताना पाय गाडीच्या पुढच्या दिशेला आणि डोके मागे, अशीच बहुतेक बर्थची रचना असते, आणि ती योग्यच आहे. जोराचा ब्रेक लागला तर शरीर पायांवर सरकते, डोक्यावर नाही. मात्र अशा निजण्यात चढावर डोके पायांपेक्षा किंचित खाली जाते. ज्यांना रक्तदाबाचा किंवा आंबटपित्ताचा त्रास आहे त्यांनी एक उशी जादा मागून घ्यावी.

घाट लागला की मळमळणारांची संख्या आपल्याकडे थोडी नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारे एक इंद्रिय असते. ते म्हणते, आपण हलतो आहोत. समोर पडदा पाहणारे डोळे म्हणतात, आपण स्थिर आहोत. या दोन साक्षींतल्या विसंवादाने पोट बिघडते. त्यावर उपाय म्हणजे पाठीवर पडावे, डोके उशीत स्थिर ठेवावे, डोळे मिटावेत, आणि मोबाईल तर पिशवीतच ठेवावा. वळणे चालू असताना अक्षरे वाचणे म्हणजे त्या विसंवादाला आमंत्रण देणे होय. गोळी घ्यावयाचीच तर डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि घाट सुरू झाल्यावर नव्हे तर निघण्यापूर्वी अर्धा-पाऊण तास. आणि जाता जाता एक स्थानिक सूचना. फुहाऱ्याच्या परिसरातली खव्याची जिलेबी ही जबलपूरची शान आहे याबद्दल दुमत नाही, पण ती परत आल्यावर खावी. हलके जेवून दोन तासांनी गाडीत बसलेला मनुष्य चिल्पीचा घाट ज्या प्रसन्नतेने उतरतो, ती पावशेर जिलेबी खाऊन चढलेल्याच्या नशिबी नसते.

गादी, पडदा, दिवे, मोबाईलला वीज देण्याची सोय, यांचा क्रम आता लागतो. त्यांना मी क्षुल्लक मानत नाही. मैकलच्या माथ्यावरची डिसेंबरातली थंडी बोचरी असते, आणि गाडीतली शाल कोणी कोणी पांघरली असेल हे सांगता येत नाही. म्हणून आपले पांघरूण आपण न्यावे. गादी फार मऊ नसावी, कारण मऊ गादी प्रत्येक धक्का दुप्पट करून परत देते. गाडी थांबते ते ठिकाण स्त्रियांना आणि वृद्धांना वापरता येण्याजोगे आहे का, हे आधी विचारावे. ज्या भीतीने बायका संध्याकाळपासून पाणी पिणे सोडतात ती भीतीही प्रवासाच्या सुखदुःखातच मोजली पाहिजे.

येथे कोणी म्हणेल की हे सर्व पाहणे प्रवाशाचे काम आहे काय? परवाना देणाऱ्यांनी, तपासणाऱ्यांनी, गाडी बांधणाऱ्यांनी हे पाहावयाचे नाही काय? आक्षेप अगदी रास्त आहे. दाराला आडवे आसन बसविणारा आणि ते पाहून न पाहिल्यासारखे करणारा, हेच खरे जबाबदार. प्रवाशाच्या दक्षतेने त्यांची जबाबदारी रतीभरही कमी होत नाही. परंतु त्यांनी आपले काम केले आहे की नाही हे कळण्याची एक वेळ असते, आणि ती वेळ गाडी सुटण्यापूर्वीची असते. शिवाय दुकानाच्या फळीशी दहा माणसांनी गादीविषयी विचारले तर वाहतूकदार गाद्या बदलतो. दहा माणसांनी दारांविषयी विचारले तर, मला वाटते, तो दारांवरची पोतीही हलवील. बाजाराला आपले प्रश्न ऐकू येतात. आजवर आपण त्याला गादीचाच प्रश्न ऐकविला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात याच जबलपुरात स्लीमन नावाचा इंग्रज अधिकारी ठगांचा बंदोबस्त करीत होता. त्या काळी नर्मदेच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे जाणारा वाटसरू गोड बोलणाऱ्या सोबत्यांवर विश्वासून रात्री निर्धास्त निजे, आणि ठगांचे काम सोपे होई. आजच्या वाटेवर ठग नाहीत. आजचा वाहतूकदार आपला शत्रू नाही, चालक तर नाहीच. तोही आपल्यासारखाच घरी पोहोचू इच्छिणारा माणूस आहे. तरीही वाटसरूसाठी जुना धडा तोच राहिला आहे की रात्री निर्धास्त निजावयाचे असेल तर दिवसा डोळे उघडे ठेवले पाहिजेत.

गेल्या वर्षी आत्याला पुन्हा रायपूरला जावयाचे होते. या वेळी मी फुहाऱ्याजवळच्या त्याच दुकानात गेलो, पण तिकीट काढण्यापूर्वी आदल्या संध्याकाळी आंतरराज्यीय बसस्थानकावर जाऊन तीच गाडी सुटताना पाहून आलो. चालक दोन होते. मागचे दार मी स्वतः उघडून पाहिले. क्लीनरने आधी आश्चर्याने आणि मग कौतुकाने पाहिले. टपावर काही नव्हते. खालचे, मधले, दारापासून तिसरे असे दोन एकेरी बर्थ मी मागून घेतले. गाडी सव्वानऊला सुटणारी होती. गादी थोडी कडकच होती, आणि जांभळे दिवे नव्हते.

गाडीत बसल्यावर मी आत्याला मागचे दार दाखविले, मूठ कशी फिरवावयाची ते सांगितले, आणि दारापर्यंतचे बर्थ तिच्याकडून मोजून घेतले. तिने ते सर्व निमूटपणे, शाळेतल्या मुलीसारखे केले. मग शाल अंगावर ओढली आणि म्हणाली, "या वेळी पाहिलंस वाटतं."

मंडल्याचा पूल येण्यापूर्वीच तिला झोप लागली होती.